हजारी अकरा पाय

१२ नोव्हेंबर

माझ्या दोन हातांनी आजवर घडलेल्या वस्तू, आठवतात तशा: तुतीच्या लाकडाचे पाळणे दोनशे चौदा, एकातही खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे. दारं एकतीस. सासऱ्यांची वरची कवळी, आलुबुखाराच्या लाकडाची. ती लावून ते सात वर्षं बोकडाचं मटण चावत होते. माझ्या चष्म्याची चौकट. पायांतल्या या माहसी, म्हणजे बकरीच्या मऊ कातड्याचे, पोटरीपर्यंत चढणारे बिनटाचेचे बूट. बोटभर अंतरात नऊ टाके, ओढ्यात उभा राहिलो तरी आत थेंब शिरत नाही. आणि लाकडी पाय, एकसष्ट. पहिला थोरल्या भावासाठी केला, कारण त्याला मिळालेला सरकारी पाय चार बोटं आखूड होता. शाळा आठवीपर्यंत. कुणाच्या हाताखाली उमेदवारी केली नाही. तरी कोकांदपासून इथपर्यंत लोक मला उस्ता, म्हणजे पक्का कारागीर म्हणतात, आणि ते मी कुणाकडून मागून घेतलेलं नाही.

आज तेराक्लीत पोचलो. तालुक्याच्या इस्पितळाने मला आवारातली जुनी गाडीखान्याची खोली कारखान्यासाठी दिली आहे. सव्वाचार मीटर लांब, साडेतीन रुंद, खिडकी दक्षिणेला, समोर अक्रोडाची तीन झाडं. प्रकाश उत्तम. मागे राहायची खोली, तिच्यात तांचा: जमिनीत हातभर खोल खड्डा, खड्ड्यात निखारे, वर बुटकं मेज आणि मेजावर रजई. रजईखाली पाय सारले की कमरेखाली उन्हाळा. झाडलोट करणारी ओयनिसो म्हणाली, इथे गॅस नोव्हेंबरात जातो आणि मार्चात येतो. करकोच्यांबद्दल बोलावं तशी बोलली. मग माझी हत्यारं मोजत असताना विचारलं, उस्ता, एवढ्या पटाश्या कशाला, एका बायकोला इतके दागिने नसतात. मी म्हटलं, बायकोला गंज चढत नाही. हसत गेली. जागा आवडली. मी खूश आहे.

१३ नोव्हेंबर

इस्पितळाच्या प्रमुख साओदात, शल्यवैद्य. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील, पण सगळं इस्पितळ त्यांना ओपा, म्हणजे ताई म्हणतं, तेव्हा मीही म्हणतो. त्यांच्या खोलीत तालुक्याचा नकाशा आहे आणि त्यावर टाचण्या, लाल डोक्यांच्या. एक टाचणी म्हणजे एक कापलेला पाय. मी मोजायला लागलो तर ओपा म्हणाल्या, मोजू नका, माझ्याकडे आकडा आहे. साखरेच्या दर हजार रोग्यांमागे तेराक्लीत वर्षाला अकरा पाय जातात. खिंडीपलीकडच्या तालुक्यात तीन. माणसं तीच, पीठ तेच, चहातली खडीसाखर तीच. विभागाच्या कचेरीतून दर सहा महिन्यांनी पत्र येतं, कारण कळवा. त्या काय कळवणार? म्हणाल्या, उस्ता, पाय तुम्ही करालच, पण डोळे उघडे ठेवा. लोक डॉक्टरशी खोटं बोलतात, सुताराशी कशाला बोलतील?

हे बरोबर बोलल्या. मी या कामासाठी वेगळी वही घातली.

नोंद पुरी असावी म्हणून लिहितो: साखर मलाही आहे, सहा वर्षं झाली. पण माझी माझ्या ताब्यात आहे. तुतीच्या पाल्याचा काढा मी स्वतः बसवला आहे, प्रमाणासकट. गोळ्या जवळ असतात, लागतील तेव्हा घेतो.

१९ नोव्हेंबर

आठवड्यात सहा खुंटांची मापं घेतली. शिष्ट भाषेत लिहून उपयोग नाही, मला किळस येते. लाकडाची कधी आली नाही, कातड्याची नाही, सरस उकळताना सगळी गल्ली नाक धरते तेव्हाही मला काही वाटत नाही. पण जिवंत माणसाच्या गुडघ्याखाली शिवलेलं ते मऊ टोक बोटांनी दाबायचं, आत हाड कुठे संपतं ते चाचपायचं, आणि तो माणूस वर जावयाच्या तक्रारी सांगतोय. संध्याकाळी तीनदा हात धुतले.

सहावे उमरकुल आका (आका म्हणजे दादा), निवृत्त बस ड्रायव्हर, वय चौसष्ट, उजवा पाय गुडघ्याखाली नाही. इथे कापलेला पाय घरच्यांच्या हवाली करतात. ते तो पांढऱ्या कापडात गुंडाळून कब्रस्तानात पुरतात. आका म्हणाले, माझा पाय पुढे जाऊन स्वर्गात जागा धरून बसलाय, बसमध्ये रुमाल टाकावा तसा. मी विचारलं, लाकूड कोणतं हवं? तर म्हणाले, ब्रेकचा पाय आहे उस्ता, वाळुंजाचा द्या, हलका. आता कुणासाठी थांबायचं नाही मला.

२७ नोव्हेंबर

आज मलमपट्टीच्या खोलीत एका खरबूजवाल्याच्या मापासाठी बोलावलं. कापायच्या आधी माप घेतलं तर बरं पडतं, म्हणून. त्याची माहसी कात्रीने कापून काढत होते. मोजा वेगळा होईना. मोजा कुठे संपतो आणि तळवा कुठे सुरू होतो ते नर्सलाही कळत नव्हतं. मग तळव्याचं कातडं मोज्याबरोबर निघालं, अख्खं, दुधावरची साय निघावी तसं, आणि आत भातासारखं काहीतरी दिसलं. खरंच वाटलं की जेवताना पुलाव सांडला असेल. मग तो भात हलला.

वास गोडसर. खरबूज फुटून आठवडा झाल्यावर येतो तो.

खरबूजवाला चहा पीत होता. आम्ही गप्प झालो तसं त्याने विचारलं, का हो, काय झालं? कुणी मेलं का? त्याला काही कळतच नव्हतं. पायाला जाणीवच नाही. आठ दिवस हे सगळं घेऊन तो बाजारात हिंडला, मशिदीत गेला, एका लग्नात नाचला.

मी बाहेर जाऊन अक्रोडाखाली ओकलो. एकसष्ट पाय केलेला माणूस. नंतर मला किळसेहून जास्त राग आला. स्वतःचा पाय बघायला काय लागतं? दोन डोळे आणि वाकायची तयारी. या लोकांना साखरेने नाही, आळसाने खाल्लंय.

३ डिसेंबर

चहाखान्यात बोललो. मुद्दामच. वीस-बावीस जण होते, त्यांतले पाच माझेच गिऱ्हाईक. विचारलं, आपापला पाय शेवटचा कधी पाहिलात? एक म्हणाला, लग्नात. दुसरा म्हणाला, माझा बायको बघते, तिला दुसरं काम काय. उमरकुल आका म्हणाले, माझा एक गेल्या वर्षी पाहिला, कापडात होता, गोरा दिसत होता. सगळे मांड्या थोपटून हसले. मी म्हटलं, हसा, माझा धंदा तुमच्या हसण्यावरच चाललाय. तेव्हा आकांनीच उलटं विचारलं, आणि तुम्ही हो उस्ता? तुम्ही तुमचे पाय बघता का? की चांभाराने दुसऱ्याचेच बघायचे?

मी म्हटलं, रोज, सकाळ-संध्याकाळ.

एक-दोघांनी माना डोलावल्या. मानतात मला.

१० डिसेंबर

कारण सापडलं. वैद्यांना सहा वर्षांत सापडलं नाही, ते आठवी शिकलेल्या माणसाला चार आठवड्यांत सापडलं.

चौतीस जणांशी बोललो, नऊ घरांत जाऊन बसलो, मापं घेतली. चौतीसांपैकी बायका सहाच. बायका कणीक मळतात, भांडी घासतात, पोरांना आंघोळी घालतात, दिवसातून दहा वेळा पायांतलं काढतात. पुरुष काढत नाहीत. नमाजाआधी वुजू करताना पाय धुवायचे असतात, पण धुतलेल्या पायांवर माहसी चढवली असेल तर एक दिवस, एक रात्र नुसता ओला हात वरून फिरवला तरी चालतं. मग काढून पुन्हा धुवायचे. नियम साफ आहे. पण इथे हिवाळ्यात पंप गोठतो आणि एका दिवसाचे तीन होतात, तिनाचा आठवडा होतो. इमामसाहेब सांगून थकले. म्हणजे जो पाय दिवसातून पाच वेळा दिसायला हवा, तो आठ-आठ दिवस अंधारात.

आणि तो अंधार तांचात. चौतीसांत सव्वीस पाय उजवे. का? मानाच्या जागी बसलेला म्हातारा डाव्या कोपरावर रेलतो, त्यामुळे उजवा पाय खड्ड्याच्या मधोमध जातो. निखाऱ्यापासून तळव्याचं अंतर नऊ घरांत सरासरी अकरा बोटं. पायाला जाणीव नाही, चटका बसतो, फोड येतो, फुटतो, कुणी बघत नाही. खिंडीपलीकडे गॅस बारमाही आहे. तिथे तांचाच नाही.

ओपांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि उठून स्वतः माझ्यासाठी चहा ओतला. प्रमुखांनी सुताराला. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

१८ डिसेंबर

तीन पाय तयार. उमरकुल आकांच्या पायाची वाटी दोनदा घासली, आता खुंट तिच्यात अंड्यासारखा बसेल. कामाचा झपाटा असला की वेळ कळत नाही. रोज सहा-सात तास तांचापाशीच बसून काम करतो, बाहेर कारखान्यात सरस गोठतो.

सरस मात्र खराब लागलाय या वेळचा. खोलीत वास धरून राहतो. भांडं फेकून नवं आणलं.

आवारातली करडी मांजर आता माझ्याकडेच असते. दाराशी मी कलोश काढून ठेवतो, माहसीवर घालायचे रबरी जोडे. ती उजव्या कलोशात तोंड घालून आतून चाटत बसते. मेंढीची चरबी लावतो मी माहसीला, तिचा वास लागत असणार.

२३ डिसेंबर

उमरकुल आका पाय बसवून घ्यायला आले. पाय सुरेख बसला, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला काठी टाकली. मला वाटलं आता दोन चांगले शब्द बोलतील. तर नाक वर करून म्हणाले, उस्ता, या खोलीत काहीतरी मेलंय. मी म्हटलं, सरस आहे. म्हणाले, तीस वर्षं बस चालवली मी, उन्हाळ्यात खरबुजं, मेंढ्या आणि म्हातारे एकत्र नेले. सरस कुठला आणि मेलेलं काय, मला कळतं. मी म्हटलं, मग तुमच्याच खुंटाचा असेल, धूत जा. त्यांचा चेहरा उतरला. खुंट पुसून, हुंगून पाहिला त्यांनी माझ्यासमोर. मग काठी उचलली आणि गेले.

बोलायला नको होतं. पण कारागिराच्या घरात येऊन असं बोलतात का?

२६ डिसेंबर

वास शोधला. जमिनीच्या चार फळ्या उचकटल्या, खाली उंदीर नाही. रजया बाहेर टाकल्या. ओयनिसोने चुन्याच्या पाण्याने कोपरे धुतले, तोंडाला ओढणी लावून. म्हणाली, उस्ता, तुम्ही बाहेर गेलात की वास कमी होतो. मी म्हटलं, दार उघडलं जातं म्हणून. ती म्हणाली, हो, तसंच असेल.

तहान फार लागते. काढ्याचं प्रमाण दुप्पट केलं.

२९ डिसेंबर

वासाचा छडा लागला. उजव्या माहसीला चवड्यावर बटणाएवढं भोक, कडा काळ्या. निखारा लागला असणार. कातडं रजईखाली जळत होतं आणि मी कामात. एवढंच.

माहसी काढली की पाय धुणं आलं. पंप चार दिवस गोठलेला, बर्फ वितळवायचा तर अर्धा दिवस जाणार. म्हणून पायातच ठेवून ठिगळ लावलं. पाय तिवईवर घेतला, वाकडी सुई, मेणाचा दोरा, अकरा टाके. कातडं आतून दमट होतं, त्यामुळे सुई सुरेख चालली, लोण्यात जावी तशी. दोरा बाहेर येताना पिवळट येत होता. मेण स्वस्तातलं.

झाल्यावर बोट फिरवलं तर सांधा हाताला लागेना. इतकं साफ काम मी क्वचित केलंय.

३ जानेवारी

ओपा विभागाच्या शहरी गेल्या. पाय कापण्याच्या प्रमाणावर पाच दिवसांची बैठक आहे, सगळ्या तालुक्यांची. माझी चौतीस जणांची वही बरोबर नेली. अहवालात नाव घालणार आहेत: होलमिर्झा, कारागीर, तेराक्ली. मी म्हटलं, कारागीर नको, उस्ता लिहा.

जाताना म्हणाल्या, तुमचा रंग बरा दिसत नाही. मी म्हटलं, थंडी.

रात्री घाम, दिवसा हुडहुडी.

६ जानेवारी

खिंड बर्फाने बंद. ओपा पलीकडे अडकल्या. गाडी नाही, फोन लागत नाही.

दुपारी तांचात बसलो होतो. मांजर रजईखाली शिरलेली, घुरघुरत होती. बरं वाटत होतं, सोबत असते. बऱ्याच वेळाने आवाज ऐकू आला. चाटण्याचा नव्हता. कूर्चा दाताखाली येतो तसा, बारीक, कुरकुर.

मी रजई वर केली.

तिने ठिगळाची एक कड सोडवली होती. तोंड काळं, ओलं. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली —

चिमट्याने मारून हाकलली. पायाला काही कळलं नाही. काहीच नाही. तेच वाईट. काही तरी दुखायला हवं होतं.

७ जानेवारी, सकाळ

माहसी निघत नाही. बोट घालून सैल केली, तरी चवड्यापाशी धरून ठेवल्यासारखी. ओढली तर सगळा पाय ओढला जातो, मांडीपर्यंत.

आत्ता कळलं.

अकरा टाके.

७ जानेवारी, दुपार

बारीक पटाशीने टाके कापले. एक, दोन, तीन, कातडं बकरीचं. चौथ्यापासून बकरीचं नव्हतं. मी स्वतःला स्वतःच्या बुटाला शिवून घेतलंय. सरळ रेषेत, सारख्या अंतराने. बाहेरून बघणाऱ्याला चूक दाखवता येणार नाही.

आत जे होतं ते सगळं आतच राहिलं होतं. माझ्या शिवणीतून पाणी आत जात नाही, तसं बाहेरही येत नाही. माहसी उपडी केली तेव्हा वाटीभर सांडलं, राखाडी, फेसाळ. त्यात अंगठा. नख अजून गुलाबी होतं.

खिडकीतून ओकलो. मग त्यावर बर्फ ढकलला. कुणी बघू नये म्हणून.

८ जानेवारी

काळ्याची कड जिथे संपते तिथे सुताराच्या पेन्सिलने रेघ मारली. आज घोट्याखाली दोन बोटं. माप असलं की गोष्ट ताब्यात असते.

समोरच्या इमारतीत दोन नर्स आहेत. जोरात हाक मारली तर ऐकू जाईल. पण हाक मारायची म्हणजे काय सांगायचं? चहाखान्यात संध्याकाळपर्यंत कळेल. उस्ताने उस्ताचाच पाय —

ओयनिसोने दार वाजवलं. शोरपा, मटणाचं सूप, आणला होता, गरम. म्हटलं, सर्दी आहे, बाहेर ठेव. बराच वेळ गेली नाही. मग म्हणाली, उस्ता, मी नवऱ्याचं केलंय सगळं, दोन वर्षं, मला काही वाटत नाही. मी म्हटलं, मला वाटतं.

९ जानेवारी

रेघ घोट्यावर.

काळी बोटं स्वतः काढली. पटाशी तापवून. तीन. लाकडापेक्षा सोपं. लाकूड विरोध करतं. हे नुसतं — सुटतं. ओल्या भुशासारखं. खाली चांगलं मांस लागेल असं वाटलं होतं. लागलं नाही. खाली तेच.

कापडात गुंडाळली. पांढरं नव्हतं, पुसायचं फडकं होतं.

किळस कशाची येते ते आता कळतं. पायाची नाही. आपण त्याच्यापासून उठून जाऊ शकत नाही, त्याची.

१० जानेवारी

घोट्यावर चार बोटं. दोन तासांत एक बोट चढतं. पाच रेघा झाल्या, फूटपट्टीसारखा दिसतो.

लगेच माप घेऊन ठेवलं. गुडघ्याखाली कापला तर वाळुंज. गुडघ्यावर गेला तर सांधा लागेल, तो मी आजवर फक्त चार वेळा —

उमरकुल आका बाहेर होते. लाकडी पायाचा आवाज ओळखला, माझाच आहे. दाराशी उभं राहून म्हणाले, सरस फार वेळ उकळतोय उस्ता. मग आवाज बदलला. म्हणाले, उघड रे. मीही आठ दिवस लपवला होता. सगळेच लपवतात, त्यात काय. उघड.

मला अरे-तुरे कुणी करत नाही. रडलो.

उघडलं नाही.

११

गुडघ्याखाली तीन बोटं. मांजर खिडकीबाहेर. दिवसभर. काचेला नाक.

पाणी संपलं. बर्फ खाल्ला, जिथे ओकलो होतो तिथला का दुसरा, आठवत —

पाळणे किती? दोनशे चौदा. दारं एकतीस. बरोबर आहे. डोकं शाबूत आहे.

१२

ट्रॅक्टरचा आवाज. खिंड उघडली. ओपा आल्या. दार तोडतायत, कुऱ्हाडीने. दार चांगलं आहे, बिजागरी काढा म्हणावं, फोडू नका —

रेघ गुडघ्यावर. वर.

या वहीत सगळं आहे, मापांसकट. एक गोष्ट नाही. ते लिहायला हवं, नाहीतर वही खोटी.

अकरा डिसेंबर. कारण सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. ओपा या खोलीत आल्या होत्या, इथेच बसल्या. म्हणाल्या, शुक्रवारी नमाजानंतर चहाखान्यात साठ-सत्तर जण असतील. मी सांगितलं तर माहसी कुणी काढणार नाही, बाई आहे मी. तुम्ही आधी काढा. सगळ्यांसमोर पाय दाखवा, मी तपासते. उस्ताने काढली की सगळे काढतील. मग दर शुक्रवारी एका गावात. विभागाशी फोनवर बोलले, पैसे द्यायला तयार आहेत, तुमच्या नावावर, बारा लाख सोम.

त्याच सकाळी मी पाहिला होता. अंगठ्याखाली फोड, वाटाण्याएवढा. पाणी स्वच्छ होतं त्यातलं. पाहिला आणि माहसी चढवली.

ओपांना म्हणालो, मी पाय बनवतो, पाय दाखवत फिरत नाही.

त्या म्हणाल्या, दोन मिनिटांचं काम आहे हो उस्ता. दोन मिनिटं, आणि बारा लाख —